काठीचं दुसरं टोक

"फाटकी चादर घेऊन सुलह कराले चालले का तुमी?" पंचफुलानं दारातूनच विचारलं.

सुखदेव सोमकुंवर अंगणात उकिडवा बसून एका लांब बांबूच्या टोकाला जुनी चादर सुतळीनं बांधत होता. त्यानं मान वर केली नाही. पांढरी असली म्हणजे झालं, असं तो पुटपुटला. पंचफुलानं जवळ येऊन चादरीचा कोपरा उचलला, तिच्यावरचे चहाचे डाग त्याच्या नाकाजवळ नेऊन दाखवले आणि आत निघून गेली.

पोळ्याची कर होती, पोळ्याचा दुसरा दिवस. पांढुर्ण्यात त्या दिवशी कोणी घरात थांबत नाही. जाम नदीच्या मधोमध पलीकडच्या सावरगाववाल्यांनी पळसाचं झाड रोवलेलं असतं, झाडावर झेंडा असतो, आणि तो झेंडा आणायला पांढुर्णावाले निघाले की दोन्ही काठांवरून दगड सुरू होतात. हीच गोटमार. फार पूर्वी इकडचा पोरगा तिकडची पोरगी घेऊन निघाला, नदीतच दोघांना दगडांनी गाठलं, त्याची ही आठवण, असं म्हातारे सांगतात. खरं-खोटं ती नदी जाणे. विहारात दर वर्षी ठराव होई की, आपण बौद्ध माणसं, आपला या दगडांशी काय संबंध. ठरावाला सगळे हात वर करत आणि करीच्या दिवशी तेच हात खिशात दगड भरत. त्यात सर्वांत पुढे असायचा सुखदेवचाच मोठा मुलगा मनोहर. एरवी नगरपालिकेच्या पाण्याचे वॉल्व फिरवणारा गरीब माणूस; पण करीच्या दिवशी त्याच्या अंगात काय संचारायचं कोणास ठाऊक.

आणि सुखदेवची धाकटी लेक कुसुम दिली होती नेमकी सावरगावात.

दोन वर्षांपूर्वीच्या गोटमारीत कुसुमच्या नवऱ्याला, देवीदासला, डाव्या डोळ्यावर दगड लागला. डोळा गेला. आता गोटमारीचा एक नेम आहे, आणि तो दगडांपेक्षा जुना आहे असं म्हणतात: संध्याकाळी झेंडा देवळात गेला की भांडण संपतं. ज्याचं डोकं फुटलं तो फोडणाऱ्याच्या गळ्यात पडतो, कोणी कोणाचं नाव घेत नाही. पण देवीदासच्या आईनं, चंद्रकलानं, दवाखान्याच्या पायरीवर बसून नाव घेतलं. मनोहर समोरच्या काठावर होता, नेम त्याचाच, दगड त्याचाच. मनोहर म्हणाला, दगडावर नाव लिहिलेलं असते का? आणि रागारागानं तो देवीदासला पाहायलाही गेला नाही. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं येणं-जाणं तुटलं. नदीवर पूल होता, चांगला भक्कम पूल, त्यावरून मोटारी जात, संत्र्यांचे ट्रक जात. या दोन घरांची माणसं तेवढी जात नव्हती.

आता कुसुमला नववा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही सगळ्या मुलखाची रीत. पंचफुलानं बाळंतिणीची खाट विणून घेतली होती, डिंक आणून ठेवला होता, शेजारणींना खोटंच सांगत होती की पोरगी परवा येऊन राहिली. परवा काही उजाडत नव्हता.

मध्यस्थ होते भैय्याजी. विहाराचे कारभारी, गोड बोलणारे, दोन्ही काठांवर मान असलेले. ते इकडचा निरोप तिकडे नेत, तिकडचा इकडे आणत. पांढुर्ण्यात त्यांना चहा मिळे, सावरगावात चहाबरोबर चिवडा. असल्या वकिलाला लढाई संपायची घाई कशी असणार? पंचफुला म्हणायची, हे भैय्याजी जोपर्यंत मधात आहेत तोपर्यंत माह्या पोरीचं पोरगं शाळेत जाईन पण समेट नाही व्हायचा.

शेवटचा निरोप पोळ्याच्या आधी आला होता. चंद्रकला म्हणाली होती, "ज्या नदीत माह्या पोराचा डोळा गेला, त्या नदीतून, करीच्या दिवशी, पाय ओले करून या म्हणा. मंग नेजा पोरीले."

भैय्याजींनी हे सांगताना कपाळाला हात लावला. मनोहर हसला आणि म्हणाला, बाई भ्रमिष्ट झाली, दगडांच्या पावसात कोणी पाहुणचाराले जाते काय. पंचफुला रडायला लागली. एकटा सुखदेव मात्र खाटेवर ताठ उठून बसला. त्याचा चेहरा एकदम उजळला होता.

"अट घातली तिनं," तो म्हणाला. "दोन वर्षांत पहिल्यांदा अट घातली. अट आली म्हणजे बोलणं सुरू झालं."

हे त्याला कुठून कळलं, ते सांगायचं तर ब्रह्मदेशात जावं लागेल.

सुखदेव जिनिंगच्या फाटकावर चौकीदार होता. पण सगळं गाव त्याला हवालदार म्हणे. तसा तो पलटणीतून नाईक म्हणून सुटला होता. हवालदारकी गावानंच दिलेली, बिनपगारी. नागपूरला भरती झालेला हा पोरगा थेट सितांग नदीच्या चिखलात जाऊन पडला, आणि महायुद्धाचे शेवटचे आठवडे त्यानं तिथं पाहिले. ती गोष्ट तो फाटकावर बसून इतक्या वेळा सांगत असे की जिनिंगच्या बायांना ती पाठ झाली होती. तो मधेच थांबला तर त्या पुढचं वाक्य सांगत.

जर्मनी तर उन्हाळ्यातच बसला होता. मग जपानवर ते दोन बॉम्ब पडले, वरून रशियाही उतरला. तरी जपान एक अट धरून बसलेला: आमचा राजा राहू द्या. अमेरिकेनं धड होही म्हटलं नाही, धड नाहीही म्हटलं नाही, आणि त्या मधल्या फटीतूनच रस्ता निघाला. जपानच्या राजानं रेडिओवर सांगितलं, आता पुरे. तिकडे लंडनात लोक रस्त्यात नाचले म्हणे. सितांगच्या काठावर मात्र कोणी नाचलं नाही. नदीच्या अलीकडे सुखदेवची पलटण, पलीकडे जपानी, मध्ये फुगलेलं पाणी. विमानांनी चिठ्ठ्या फेकल्या की लढाई संपली. जपान्यांना वाटलं, हा साहेबाचा डाव आहे, आणि ते गोळ्या झाडत राहिले. त्यांचा अधिकारी म्हणे, मला वरून हुकूम नाही. इकडच्या साहेबांनाही हुकूम की तिकडे समुद्रात जहाजावर मोठी सही झाल्याशिवाय इथं कोणी सही करायची नाही. रंगूनला जपानी वकील विमानानं आले, टेबलावर बसले, बोलणी चालू राहिली. आणि बोलणी चालू होती तेव्हाच लोधीखेड्याचा बापूजी, सुखदेवच्या शेजारी झोपणारा, त्याच्याच ताटात जेवणारा, नदीवर पाणी भरायला गेला आणि परत आला नाही. एका गोळीनं तो तिथंच आडवा झाला. लढाई संपल्यावर मेला.

गोष्टीत इथं आल्यावर सुखदेव थांबे. बायाही इथं पुढचं वाक्य सांगत नसत.

मग एका साहेबानं ठरवलं की आपणच पलीकडे जायचं. छोटी नाव, साहेब, एक दुभाषा, दोन वल्हेकरी आणि बांबूला पांढरं कापड बांधून पुढे बसलेला सुखदेव. पलीकडचा काठ आला आणि नाव गाळात रुतली. साहेबानं खूण केली तसा सुखदेव उतरला आणि कमरेपर्यंत आत गेला. समोर एक जपानी पोरगा, बंदूक रोखलेली. हातातला झेंडा पाहून काही तो हलला नाही. सुखदेवला तर झेंड्याचं भानच उरलं नव्हतं. तो बुडत होता, म्हणून त्यानं बांबू आडवा करून पुढे केला. आणि त्या पोरानं बंदूक बगलेत मारली आणि बांबूचं दुसरं टोक धरलं.

"पांढऱ्या कपड्यानं काही झालं नाही," सुखदेव नेहमी सांगे. "बांबूनं झालं. त्यानं ओढलं, मी निंगालो."

बाया हसत. हवालदार चिखलात, असं म्हणून पदर तोंडाला लावत. त्यालाही हसू येई.

या वर्षी झेंडावंदन झाल्यावर नागपूर आकाशवाणीवर कोणीतरी सांगत होतं की, आजच्या दिवशी चाळीस वर्षांपूर्वी महायुद्ध संपलं. सुखदेव दाढी करत होता. त्यानं वस्तरा खाली ठेवला आणि रेडिओलाच सुनावलं, "कोणाचं संपलं? बापूजीले विचार." मग रेडिओ बंद केला आणि अर्धी दाढी तशीच ठेवून बसून राहिला. त्याला वाटत होतं, आपल्या घरातही तेच चालू आहे. भांडण कधीच संपलंय. कुसुमला माय पाहिजे, पंचफुलाला लेक पाहिजे, देवीदासनं तर त्या डोळ्याबद्दल कधी तोंडच उघडलं नाही. पण सांगायला कोणी पलीकडे जात नाही. अशात काही वाईट घडलं, तर ते संपलेल्या लढाईत घडेल. ही भीती त्याच्या पोटात महिनाभर होती, आणि चंद्रकलाची अट ऐकली तेव्हा तीच भीती एकदम हलकी झाली.

पंचफुला आतून बाहेर आली तेव्हा तिच्या हातात घडी घातलेलं पांढरं लुगडं होतं. सुखदेवनं ते लगेच ओळखलं. नागपूरला दीक्षेला गेले तेव्हा नेसलेलं लुगडं. ती पोरगी होती तेव्हा, नवी नवरी. त्यानंतर ते लुगडं फक्त बुद्धजयंतीला पेटीतून बाहेर निघे.

"हे कायले?" तो म्हणाला.

"पोरीच्या सासरी जाऊन राहिले," पंचफुला म्हणाली. "चांगलं दिसलं पायजे."

तिनंच चादर सोडली, तिनंच लुगडं बांधलं, सुतळीची गाठ दातांनी आवळली. पुलावरून जाता येईल, हे तिनं एकदा सांगून पाहिलं. सुखदेव म्हणाला की पुलावरून पाहुणा जाते, आणि आपण काही पाहुणे म्हणून चाललो नाही. तिनं पुढे वाद घातला नाही. त्याची काळी टोपी झटकून दिली आणि त्याची पाठ वळल्यावर डोळे पुसले.

तो नदीवर पोचला तेव्हा झाडाची पूजा आटोपून दगड सुरू झाले होते. दोन्ही काठ माणसांनी भरलेले, गच्च्यांवर बायापोरं, ढोल, आरोळ्या. भाद्रपदाचं गढूळ पाणी गुडघ्याच्या वर होतं. पांढुर्ण्याच्या बाजूला पुढच्या फळीत मनोहर, शर्ट कमरेला बांधलेला, मूठ दगडानं भरलेली. त्याच्या बाजूनं एक म्हातारा काळी टोपी घालून, पांढरा झेंडा खांद्यावर टाकून पाण्यात उतरला. मनोहरचं लक्ष समोर होतं. त्याला दिसलं तेव्हा म्हातारा बराच आत गेला होता.

"बाबा, मांगं फिरा," मनोहर ओरडला.

सुखदेव फिरला नाही. दगड थांबले असंही नाही. गोटमार कोणाच्या बापासाठी थांबत नाही. पण तो चालत होता तेवढ्या पट्टीत दगड विरळ झाले. हवालदार येऊन राहिला, असं कोणीतरी ओरडलं, थोडे लोक हसले, आणि क्षणभर वाटलं की निभावलं.

पण सावरगावच्या काही पोरांच्या डोक्यात भलतंच शिरलं. गोटमारीत ज्याच्या हातात झेंडा तो एक तर झेंडा न्यायला आलेला असतो, नाही तर नेऊन राहिलेला असतो. तिसरा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. त्यांना वाटलं, पांढुर्णावाल्यांचा डाव आहे. म्हाताऱ्याला पुढे करून, पांढऱ्या कपड्याच्या आडून झाड तोडायला येऊन राहिले. आरोळी उठली आणि दगड पुन्हा आले. एक बांबूवर लागला. एक सुखदेवच्या मांडीवर बसला. तो डगमगला, पुढचा पाय गाळात गेला, आणि तो कमरेपर्यंत पाण्यात बसला. टोपी वाहून गेली. टक्कल उघडं पडलं तेव्हा तो फारच म्हातारा दिसायला लागला.

मनोहरनं हातातले दगड टाकले. तो कसा पळाला ते त्यालाही नंतर सांगता आलं नाही. पाणी उडवत तो बापाजवळ आला आणि त्याच्या डोक्यावर आपलं अंग घालून उभा राहिला. पाठीत दोन दगड बसले, तरी तो वाकूनच राहिला. बाप रुतलेला, पाय निघत नव्हता. मागे फिरायला वाट लांब, सावरगावचा काठ तर पुढ्यातच.

काठावर, गर्दीच्या मागे, देवीदास उभा होता. दोन वर्षं तो करीच्या दिवशी नदीवर आला नव्हता. आज आरोळ्यांत हवालदार हे नाव ऐकून घरातून धावत आला होता. सुखदेवनं त्याला ओळखलं. त्यानं झेंडा आडवा केला, ओलं लुगडं गुंडाळलं गेलेलं टोक आपल्याकडे घेतलं आणि रिकामं टोक काठाकडे केलं.

"जवाईबापू," तो म्हणाला, "धरा."

देवीदास लोकांना बाजूला सारत पाण्यात आला. त्यानं हात पुढे केला आणि मूठ मिटली, ती हवेतच मिटली. एका डोळ्याला अंतर नीट कळत नाही. मनोहरनं ते पाहिलं, अगदी जवळून पाहिलं. दोन वर्षं जे तो पाहायला गेला नव्हता ते त्याच्यासमोर होतं. देवीदासनं पुन्हा हात घातला, पुन्हा चुकला. तिसऱ्या वेळी मनोहरनं बांबू अलगद उचलून त्याच्या तळहातात ठेवला.

"आता वढा, मामाजी," देवीदास म्हणाला. खरं तर ओढायचं त्यालाच होतं. त्यानं टाच रोवली आणि ओढलं. मागून मनोहरनं लोटलं. गाळानं पाय सोडला, आणि तिघंही एकमेकांवर पडत सावरगावच्या काठाला लागले. कोणत्या काठावरचे दगड आधी थांबले, यावर दोन्ही गावांत पुढे पुष्कळ दिवस वाद चालला.

चंद्रकला काठावर आली. तिचा पदर डोक्यावरून खाली आला होता, आणि तोंडावर राग ठेवायचा की काय ठेवायचं ते तिला ठरवता येत नव्हतं. तिनं आधी सुखदेवकडे पाहिलं. मग मनोहरकडे. त्याच्या पायांकडे, चिखलानं भरलेल्या पोटऱ्यांकडे ती बराच वेळ पाहत राहिली.

मनोहरनं मान खाली घातली. "दगड माहाच होता का, ते मले खरंच माहीत नाही, आत्या," तो म्हणाला. "पण दवाखान्यात यायले पायजे होतं. मी आलो नाही."

चंद्रकला काही बोलायच्या आत देवीदास म्हणाला, "मीबी फेकूनच राहिलो होतो."

त्या भांडणातली ती शेवटची वकिली. चंद्रकलानं नाक पदराला पुसलं. "पाय ओले झाले," ती व्याह्याकडे वळून म्हणाली. "आता घरी चाला. इवाई, तुमाले थंडी वाजून राहिली."

कुसुम दारातच उभी होती, चौकट धरून. बापाला पाहून ती रडली, भावाला पाहून जास्त रडली, आणि मग दोघांनाही रागावली. चंद्रकलानं चहा ठेवला, मांडीला हळद लावायला दिली. सुखदेव चहा पिता पिता एकदम म्हणाला, बापूजी असता तर. तो कोण बापूजी ते कोणी विचारलं नाही. जिनिंगची गोष्ट सावरगावालाही पाठ होती. भैय्याजी धापा टाकत पोचले तेव्हा समेट होऊन कपबशा धुतल्या जात होत्या. त्यांना चिवडा मिळाला, पण त्यांचं मन लागेना.

संध्याकाळी नदीवरचा झेंडा दोन्ही गावांनी मिळून देवळात नेला. ढोल तिकडे वाजत होते. इकडे देवीदासनं शेजाऱ्याची दमणी मागून आणली. बैलांच्या शिंगांवर कालचा बेगड अजून होता. गादी घालून कुसुमला बसवलं. दोन्ही बाजूंना देवीदास आणि मनोहर चालले, खड्डा आला की दोघंही एकदमच चाकाला हात लावत. सुखदेव लंगडत मागे, हातात मोकळा बांबू. दमणी पुलावरूनच गेली. आता ते पाहुणेच होते.

पंचफुला अंगणात उभी होती, केव्हाची कोण जाणे. दमणी थांबली तशी ती पुढे झाली. कुसुमला दोन्ही हातांनी धरून उतरवलं, तिच्या तोंडावरून हात फिरवला, तिला खाटेवर नेऊन बसवलं, मनोहरच्या पाठीवरचा वळ पाहून त्याला दोन शब्द सुनावले, जावयाला पाट दिला. हे सगळं झाल्यावर तिचं लक्ष सुखदेवकडे गेलं. तो बांबू भिंतीला टेकवत होता.

"लुगडं कुठी आहे?" तिनं विचारलं.

"तिकडंच राह्यलं," तो म्हणाला. "ईनबाईनं धुऊन वाळत टाकलं. जुनं कापड मऊ असते म्हणे. नातवाले दुपटे शिवून राहिली."

पंचफुलानं त्या मोकळ्या बांबूकडे एकदा पाहिलं. मग कुसुमच्या आंघोळीसाठी पाणी ठेवायला ती आत गेली.